बारा वाजता खाडीवर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेला कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन भाव करत होतो. यंदाच्या अंकाचा विषय ‘आमच्या गावचं भूत’. “तुमच्याकडं कसलं भूत असणार म्हणा, लोकलमध्ये त्याला चौथी सीटसुद्धा मिळायची नाही,” असं वर तेच म्हणाले. विनोद बरा होता, म्हणून हसलो. घरी येताना मात्र आजी आठवली.

आजी कल्याणच्या पारनाक्यावरची. तिच्या सांगण्यात भुतांच्या गोष्टी फारशा नव्हत्या, नियम होते. एक, खाडीवर कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो, ‘तो’ मारत नाही. दोन, अमावास्या-पुनवेला बाराच्या ठोक्याला पाण्याजवळ जायचं नाही, मग ते रात्रीचे बारा असोत की दुपारचे. तीन, ओले मासे घेऊन एकट्यानं बांधावरून यायचं नाही, ‘तो’ मागं लागतो, मासा मागतो. ‘तो’ म्हणजे कोण हे विचारलं की ती ओठ न हलवता म्हणायची, “गिऱ्हा.”

मुंजा पिंपळावर, समंध धनावर, हडळ चिंचेखाली आणि गिऱ्हा पाण्यात. बुडून मेलेल्या माणसाचं भूत. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही सगळी गावं एकाच खाडीच्या काठानं ओवलेली आहेत. तेव्हा इथलं गावभूत निवडायचं तर मान गिऱ्ह्याचाच. एक धागा हाती लागला होता. मी खाडीवर गेलो.

बालदीभर रेती

डोंबिवलीच्या मोठागावच्या रेतीबंदरावर आता माणकोलीकडं जाणारा पूल डोक्यावरून गेला आहे. पुलाखाली उभं राहिलं की वरून गाड्यांचा आवाज येतो आणि खाली पाणी अगदी मुकाट असतं. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी करडा चिखल चकचकत होता आणि त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एक वयस्कर गृहस्थ जाळं विणत बसले होते. त्यांनी उमेदीची वर्षं डुबी मारण्यात घालवली होती.

डुबी म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. होडी खाडीत नांगरून एक लांब बांबू तळापर्यंत रोवायचा. हातात लोखंडी बालदी घेऊन, बांबूला धरत धरत माणूस खाली जातो. खाली अंधार. डोळे उघडून उपयोग नाही, सगळं हाताला कळतं. बालदी रेतीत खुपसून भरायची आणि होडीतल्या माणसाला कळावं म्हणून तिच्या दोराला हिसका द्यायचा. वरचा बालदी ओढतो आणि खालचा बांबूच्या आधारानं वर येतो. श्वास घेतो आणि परत जातो. ओहोटीची वेळ साधून, होडी भरेपर्यंत. सरकारी कागदात याला ‘हातपाटी-डुबी पद्धत’ म्हणतात. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी इमारतींच्या भिंतींत अशी बालदी बालदी रेती आहे. पुढे सक्शन पंप आले आणि खाडीच्या तळाला खड्डे पडले. वरून पाणी सपाट दिसतं, खाली पाऊल टाकलं तर एकदम दोन पुरुष खोल.

“गिऱ्हा बघितलात कधी?” मी विचारलं.

त्यांनी सुईतला दोरा दातानं तोडला. “बघाचा नसतो तो. पाय धरतो.”

मग ते सांगत गेले. खाली रेतीत हात घातला की कधी कधी रेतीच सरकते. वरचा थर कोसळून मनगटापर्यंत, कोपरापर्यंत अंगावर येतो. त्या वेळी नेमकं कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. नवा पोरगा असला तर झटापट करतो, श्वास घालवतो. जुना माणूस हात सैल सोडतो आणि अलगद काढून घेतो. “गिऱ्ह्याशी झगराचा नाय,” ते म्हणाले. इतकं नेमकं सुरक्षा-शिक्षण मी कुठल्या कारखान्याच्या पाटीवर वाचलेलं नाही.

गिऱ्ह्याला वश करण्याची कथाही त्यांना ठाऊक होती. त्याच्या डोक्यावरचा एक केस मिळाला की तो चाकर होतो, सांगाल ते आणून देतो. पण रोज रात्री दाराशी येऊन केस परत मागतो. केस घरात ठेवला तर शोधून काढतो. म्हणून मांडी चिरायची, आत केस ठेवायचा आणि वरून शिवून टाकायचं. “मंग त्याला सापरत नाय.” ही गोष्ट मी आजीकडून ऐकली होती आणि पुढे एका इंग्रजी पुस्तकातही वाचली, तिथं मांडी नव्हती, केस मात्र होता.

ज्याचा खून झाला त्याचं पुस्तक

ते पुस्तक १९१५ चं. आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांचा दुसरा, कोकणाचा खंड. मुखपृष्ठावर संपादकाचं नाव आहे, पण माल त्यांचा नव्हता. तो गोळा केला होता ए. एम. टी. जॅक्सन यांनी. हो, तेच. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन.

जॅक्सनना संस्कृत येत होतं, मराठी येत होतं, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. त्यांची रीत साधी होती. एक लांबलचक प्रश्नावली तयार करायची आणि शाळाखात्यामार्फत गावोगावच्या मास्तरांकडं पाठवायची. गावात कोणते देव, कोणती झाडं पूज्य, पाऊस लांबला तर काय करतात, भुतं किती प्रकारची आणि ती राहतात कुठं. मास्तरांनी गावात विचारून उत्तरं लिहायची. मला त्या मास्तरांचं फार कुतूहल वाटतं. शाळेत मुलांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणायचं, आणि संध्याकाळी साहेबाच्या कागदासाठी पारावर बसून झोटिंग आणि चेडा यांत फरक काय ते म्हाताऱ्याकडून उतरवून घ्यायचं. त्यांच्या उत्तरांमुळे वेताळ, खवीस, देवचार, लावसट, अलवंत आणि आपला गिऱ्हा ही सगळी मंडळी छापील अक्षरांत बसली.

जॅक्सननी ते पुस्तक पाहिलं नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, त्यांच्या निरोपासाठी लावलेल्या ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला ते आले असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेली जन्मठेप हे त्यामागचं एक मोठं कारण. कान्हेरे अठरा वर्षांचेही पुरते नव्हते. त्यांना आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली गेली, ती ठाण्याच्या तुरुंगात.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १८ व्या शतकात बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी हल्ला करून जिंकला. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. खाडी तटापासून हाकेच्या अंतरावर. फाशी दिलेल्या तिघांची प्रेतं नातेवाइकांना दिली नाहीत. अधिकाऱ्यांनीच दहन केलं आणि राखही घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून ठाण्याजवळ पाण्यात टाकून दिली.

मी एका दुपारी तुरुंगाच्या बाहेरच्या रस्त्यावरून चालत गेलो. भिंतीबाहेर नातेवाईक मुलाखतीची वाट बघत पिशव्या घेऊन बसले होते. ज्यानं गिऱ्ह्याची नोंद करवली त्याला मारणाऱ्यांची राख गिऱ्ह्याच्याच पाण्यात गेली, हे मला तिथं उभं असताना एकदम जाणवलं. कादंबरीकारानं असं रचलं असतं तर संपादकांनी ‘योगायोग जरा जास्त होतोय’ म्हणून परत पाठवलं असतं.

ठाण्याच्या राख-हाडांचा आणि पाण्याचा संबंध जुनाच. १३२१ मध्ये इथं चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढं ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी आला आणि त्यांची हाडं बरोबर घेऊन चीनकडं निघाला. वाटेत वारा पडला, गलबत हलेना, तेव्हा त्यानं एक हाड समुद्रात टाकलं आणि वारा सुटला, असं तो सांगतो. म्हणजे मेलेला माणूस पाण्यावर काहीतरी करू शकतो हा विश्वास फक्त कोळीवाड्यात नव्हता, इटलीहून आलेल्या पाद्र्याकडंही होता.

पाऊणपट

आता आजीचा दुसरा नियम. अमावास्या-पुनवेचे बारा.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. पंधरवड्याची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घड्याळ, तक्ता, मोबाईल काही लागत नाही. ही पाऊणकी ठाऊक असलेल्या माणसाला अमावास्येची भरती कधी, हे विचारावं लागत नाही: बाराच्या सुमाराला. रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा. पुनवेलाही तेच. शिवाय त्याच दिवसांत चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी जास्तीत जास्त ओढतात, म्हणून ही भरती उधाणाची. अष्टमीच्या सुमाराला पाणी मऊ असतं, त्याला भांग म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं.

बारा वाजता ही भरती समुद्राच्या तोंडाशी असते. खाडीतून वर कल्याणकडं ती चढायला आणखी वेळ लागतो. आता एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. अमावास्येची रात्र, नऊ-साडेनऊची वेळ, खाडी आटलेली. हा टेंभा घेऊन चिंबोऱ्या पकडायला चिखलात शिरतो. काळोखात चिंबोरी बाहेर येते, म्हणून तर अमावास्या निवडलेली. वाकून वाकून बिळं धुंडाळत तो पाव कोस आत जातो. दरम्यान पाणी समोरून येत नाही. ते आधी मागच्या ओहोळांतून, तिवरांच्या मुळांमधून गुपचूप भरतं. बाराच्या सुमाराला तो वळतो तेव्हा जिथून आला तिथं कंबरभर पाणी, आणि चिखलानं घोट्यापर्यंत धरलेलं. सकाळी गावाला त्याची टोपी सापडते. उधाण असल्यामुळं पाणी त्याला नेतंही लांब. प्रेत दुसऱ्याच गावाला लागतं, किंवा लागतच नाही.

त्याच्या आईला, बायकोला कुणी ‘चंद्र-सूर्य एका रेषेत होते’ असं सांगितलं असेल काय? “गिऱ्ह्यानं नेला,” एवढंच सांगितलं असेल. आणि पुढच्या पोराला नियम मिळाला: बारा वाजता पाण्यावर नाही.

इथं मला माझ्याच सिद्धांताच्या पाठीवर थाप मारायचा मोह झाला, पण तो पुरता टिकत नाही. बाराची भीती सोलापुरातही आहे आणि तिथं भरती येत नाही. शिवाय तिन्हीसांज ही भुतांची तितकीच लाडकी वेळ, आणि अमावास्येच्या तिन्हीसांजेला आमच्या किनाऱ्यावर ओहोटी असते. तेव्हा बाराची भीती खाडीनं जन्माला घातली असं मी म्हणणार नाही. ती आपल्याकडं सगळीकडं होतीच. खाडीकाठी ती इतकी चपखल बसली की इथं तिला दात फुटले.

पलीकडून आलेली हाक

पहिल्या, हाकेच्या नियमाचं उत्तर मला मोठागावातल्याच एका आजींनी दिलं, आणि त्यांना आपण उत्तर देतोय याची कल्पनाही नव्हती. पूल नव्हता तेव्हा भिवंडीच्या अंगाला जायचं तर होडी. रात्री-बेरात्री पलीकडच्या काठावर कुणी अडकलं की ते होडीवाल्याच्या नावानं हाका मारायचं. लग्नाहून उशिरा परतलेले, बाळंतिणीसाठी सुईण न्यायला आलेले. होडीवाला झोपेत असला तर त्याची बायको ऐकायची. “हाक कानाशी यायची वो, घरात कुनी बोलतंय असा वाटायचा.”

रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची त्या मानानं उबदार राहते. आवाज अशा वेळी वर उडून जात नाही, खाली वळून पाण्याच्या पृष्ठावरून सरकत लांब जातो. दिवसा ऐकू न येणारी पलीकडची कुजबूज रात्री अंगणात येते. दिशाही फसवी होते. अर्धवट झोपेतला माणूस हाकेच्या रोखानं चालू लागला तर समोर पाणीच. म्हणून तिसरी हाक येईपर्यंत थांब. ज्याला खरंच खाडी ओलांडायची आहे तो तीनदाच काय, तेरादा ओरडेल. तोवर तुझी झोप पुरती उतरेल.

हाकेचा चुलतभाऊ चकवा. खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेल्या खाऱ्या जमिनीत, माणूस रात्री चालतो, चालतो आणि पुन्हा बांधातल्या, पाणी सोडायच्या त्याच उघाडीपाशी येतो. डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आज टॉवर उभे आहेत तिथं अशी खाजणं होती. चकवा लागल्याची गोष्ट नसलेलं जुनं घर तिकडं मिळणार नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी यावरचा रीतसर प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळायला लागली आणि स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली. डोळे बांधलेली तर २० मीटरइतक्या लहान वर्तुळात फिरत होती, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची समजूत होती. चंद्र नसलेली रात्र, चारही बाजूंना सारखीच सपाट जमीन. आमच्या खाजणाचं वर्णन यापेक्षा वेगळं काय?

चकव्यावरचा उतारा सगळ्यांना पाठ असतो: आहे तिथं बस, विडी पेटव, उजाडेपर्यंत उठू नको. विडीत काही मंत्र नाही. ती पेटवायला बसावं लागतं, एवढंच तिचं काम.

ज्यांची नोंद झाली नाही

मुंब्र्याजवळ लोहमार्ग खाडी आणि डोंगर यांच्या बेचक्यातून जातो. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली ती याच वळणावरून. पारसिकचा सरळ बोगदा १९१६ चा. या पट्ट्यात रुळांवर किती माणसं गेली असतील? ९ जून २०२५ ला याच मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं जाताना खाली पडले आणि त्यांतले काही गेले. मी त्या मार्गानं वर्षानुवर्षं प्रवास केला आहे. डब्यातल्या गप्पांत शेअर बाजारापासून जावयापर्यंत सगळं ऐकलं. रुळांवर मेलेल्याचं भूत दिसलं, असं चौथ्या सीटवरचा माणूससुद्धा कधी म्हणाला नाही.

मला वाटतं, याचं कारण रजिस्टरात आहे. रुळांवरच्या माणसाचा पंचनामा होतो, वेळ लिहिली जाते, गाडीचा नंबर लिहिला जातो, खिशातल्या पासवरून नाव कळतं. खाडीत गेलेल्याचं तसं नव्हतं. प्रेत नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही, तेरावं घालायचं की वाट बघायची हेही कळत नाही. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरली आहेत. दात्यांची कोरली, खलाशांची नाही. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला, १७८० मध्ये इंग्रज आणि मराठे या गावासाठी लढले. प्रत्येक खेपेला होड्या उलटल्या असतील, आणि बखरीत होडीवाल्याचं नाव नसतं.

परक्या मेलेल्यांसाठीही भूतविश्वात जागा करून ठेवलेली दिसते. खवीस घ्या. शब्दच अरबी, खबीस म्हणजे दुष्ट, अपवित्र. अरबी खलाशांनी गजबजलेल्या किनाऱ्यावर, ज्याची भाषा कळत नाही, ज्याचे दिवस कुणी घालणार नाही, अशा मेलेल्याला त्याच्याच मुलखाचा शब्द चिकटला असावा. आपल्याच लोकांचं भूत मात्र हळूहळू माणसाळतं. चेडा हा रानातला त्रासदायक, त्याला जागा नेमून दिली, नारळ-कोंबडं ठरवून दिलं, आणि आगरी-कोळी गावांत तो चेडोबा होऊन राखणीला बसला. गिऱ्ह्याचा देव झालेला मला कुठं सापडला नाही. पाण्याला शेंदूर फासायला जागा नसते, हे एक कारण असेल.

पंपरूम

खाडी मागं सरली, म्हणजे आपण सरकवली. भराव पडला, टॉवर आले आणि गोष्टी लिफ्टनं वर गेल्या. ठाण्यातल्या एका सोसायटीतल्या रखवालदाराला रात्री अदृश्य हाताची थोबाडीत बसली, ही गोष्ट इतकी फिरली की आता ती महाराष्ट्रातल्या ‘झपाटलेल्या’ जागांच्या प्रत्येक यादीत असते. त्या गोष्टीत मला रस वाटला नाही. तिच्यातून काही शिकायला मिळत नाही. फार तर ड्यूटीवर झोपू नये, इतकंच.

निघता निघता खाडीकाठच्या एका नव्या संकुलात एका मित्राकडं गेलो. पंधराव्या मजल्यावरून खाडी फार सुंदर दिसते, तिवरांची हिरवी झालर, लांबवर भिवंडीकडचे दिवे. खाली उतरताना मित्र म्हणाला, गाडी आज वरच लावलीय, तळघरात ओल आहे. आम्ही तळघरात डोकावलो. गटाराच्या जाळीतून पाणी उलटं वर येत होतं, संथ बुडबुड्यांसह. भरावाखालच्या जुन्या वाटा पाणी विसरलेलं नव्हतं. कोपऱ्यातल्या पंपरूममध्ये एक तरुण ऑपरेटर मोटर सुरू करून स्टुलावर बसला होता, बिहारकडचा असावा.

“रोज येतं का पाणी?”

“रोज नहीं, साब. महिन्यात दोन वेळा. बाराच्या नंतर.”

त्याच्या डोक्यावर खिळ्याला कालनिर्णय टांगलं होतं. प्रत्येक अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या चौकोनाला लाल पेनानं गोल केलेला होता. आधीच्या दोन दिवसांना आणि नंतरच्या दोन दिवसांना छोट्या फुल्या. हे तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. याच्याआधी इथं एक गाववाले काका होते, तो म्हणाला, त्यांनी जाताना करून दिलं. मग त्यानं जाळीकडं बॅटरी मारली, पाणी किती चढलं ते पाहिलं, आणि दुसरी मोटर चालू केली.